गं. भा. यांचा अभिप्राय

"ऐका, ऐका. आजचं बक्षीस या बाईंना."

हेरंबनं खुर्ची मागे ढकलली, घसा खाकरला आणि रेडिओवरच्या बातम्या द्याव्यात तशा सुरात वाचायला सुरुवात केली.

"'कुंकू चांगले आहे. खाज येत नाही. आधीच्या कुंकवाने कपाळावर पुरळ येत असे, ते गेले. दुसरे म्हणजे ओल्या फडक्याने पुसले की लगेच निघते. डाग राहत नाही, साबण लागत नाही. बनवणाऱ्या बायकांना नमस्कार सांगावा.' आणि खाली नाव काय? गं. भा. छबुताई हिंदुराव निकम."

खोलीत हशा पिकला. नवीन आलेल्या एका मुलीला गं. भा. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. हेरंबनं तिला समजावलं, "गंगाभागीरथी. लग्नपत्रिकेत बघ, नवरा असेल तर सौ., नसेल तर गं. भा. आणि ह्या गं. भा. कुंकवाची तारीफ करतायत. म्हणजे काय झालं असणार? लिहिणाऱ्यानं कुठल्यातरी पत्रिकेतून नावं उचलली आणि घाईत सौ.च्या जागी हे चिकटवलं. खोटं बोलायलासुद्धा अभ्यास लागतो हो."

याला आता बरीच वर्षं झाली. 'अंगण' नावाचं ते दुकानही आता उरलेलं नाही. गावोगावच्या बायकांनी घरी बनवलेल्या वस्तू, चटण्या, गोधड्या, उटणी, मोबाइलच्या पडद्यावर दाखवून विकणारं पुण्यातलं दुकान. वस्तूखाली गिऱ्हाइकं आपलं मत लिहायची आणि ते मत गिऱ्हाइकाचंच आहे की मालकिणीच्या नणंदेचं, हे ठरवायचं काम हेरंबचं आणि माझं. अभिप्राय खरे ठरले की त्या उद्योगापुढे हिरवी खूण लागायची. एखादा खोटा निघाला, तर खूण जायची आणि चौकशी संपेपर्यंत मालही दुकानातून बाजूला निघायचा.

हेरंब माझ्याहून लहान, पण विभागाचा प्रमुख. मला मुक्ताताई म्हणायचा आणि हुकूमही सोडायचा.

"ताई, हे तुमच्याकडे. तक्रार आलीय, दुसऱ्या एका कुंकूवाल्याची. सगळे अभिप्राय बनावट आहेत म्हणतो, आणि पुरावा म्हणून हाच जोडलाय."

"माल गेला होता का त्या पत्त्यावर?"

"गेला होता. विट्याजवळचं गाव आहे. पण त्याला काय अर्थ? मालकीणच दुसऱ्यांच्या नावानं माल मागवते, हे आपण कितीदा पाहिलंय. तुम्ही फोन लावा, बाई नाही म्हणाली की वैजयंता गृहोद्योगाचं कुंकू बाजूला."

"संक्रांत तोंडावर आलीय हेरंब. हळदीकुंकवाच्या दिवसांत कुंकू बाजूला काढलं तर वर्षभर त्या काय विकणार?"

"म्हणून तर तक्रार आत्ता आलीय. पण नियम नियम आहे."

मी त्याच्यासमोरच फोन लावला आणि आवाज त्यालाही ऐकू येईल असा मोठा केला. एका पुरुषानं उचलला.

"कोण बोलतंय?"

"नमस्कार. पुण्याहून मुक्ता बोलतेय, अंगण दुकानातून. छबुताई निकम आहेत का?"

"कसलं दुकान?"

"घरगुती वस्तूंचं. पार्सलनं पाठवतो आम्ही."

"वैनी," तो पलीकडे ओरडला, "तुमचा फोन हाय. पुण्याचं कसलंसं दुकान म्हणत्यात."

बादली ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं, मग एक जरासा धापावलेला आवाज. "हां, बोला."

"मावशी, आमच्याकडच्या वस्तूबद्दल तुम्ही काही लिहिलं होतंत का? एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे अंगणातले आवाज ऐकू येत होते. कोंबडी, दूरवर मोटारीचा भोंगा.

"मी न्हाई लावत," ती म्हणाली.

"नाही, मी विचारत होते, लिहिलं होतंत का..."

"मी काय लावत न्हाई न् लिवत न्हाई. चुकून लागलाय तुमचा फोन."

फोन बंद झाला. हेरंबनं हात झटकले. "संपलं. स्वतःच नाही म्हणाली."

"मी काय विचारलं तिला?"

"लिहिलं का."

"आणि ती काय म्हणाली?"

त्यानं मागे ढकललेली खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली.

"मी कुंकवाचं नाव तरी काढलं का? आपल्याकडे पायपुसणीही मिळतात, लोणचंही मिळतं. लावत नाही, असं तिनं कशाबद्दल सांगितलं?"

"ताई, कोर्टात हे चालायचं नाही."

"आपण कुठं कोर्ट आहोत? दुकान आहोत."

"बरं," तो म्हणाला, "सोमवारी मला लिहून द्या, खरं की खोटं. पण तिच्या तोंडचं हवं. तुमच्या कानांवर मी खूण देऊ शकत नाही."

माझे कान हा आमच्या खोलीतला जुना विनोद होता. या नोकरीआधी मी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत असे, एका अभ्यासकांच्या हाताखाली. तिथं एक गोष्ट कानाला लागली होती. वीस गावांतल्या वीस बायका ओवीची पहिली ओळ अगदी सारखी म्हणतात आणि दुसऱ्या ओळीत प्रत्येकीचं स्वतःचं दुखणं येतं. चार अभिप्राय सारखे दिसले की ते खोटे, हा हेरंबचा कायदा म्हणून मला कधी पटला नाही. मी दुसऱ्या ओळीची वाट बघत असे.

संध्याकाळी घरी गेले, तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. घरी आम्ही दोघीच. आई शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्राला लाल पेन लावायची. करमणूक म्हणून मी तिला तो अभिप्राय सांगितला. ती हसली नाही.

"शुद्ध लिहिलंय का?"

"अगदी. 'येत असे' वगैरे. तुझ्या वर्गात बसल्यासारखं."

"मग खोटं नसेल. खोटं लिहिणारे घाईत असतात." तिनं एक काडी बाजूला टाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "परत वाच ना ते."

मी परत वाचलं. तिनं पुढची जुडी सोडली.

*

सांगलीला मी वैजयंता मगदूम यांच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांबट पडवी. सावलीत सुपांमध्ये हळकुंडं पसरलेली होती, पण सगळीच पिवळी नव्हेत. लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरून ती आतून लाल होत आली होती. एका सुपात अजून पिवळी, दुसऱ्यात केशरी, तिसऱ्यात शेंदरी, आणि शेवटच्यात पिकल्या डाळिंबाच्या दाण्यांसारखी. पहाट उजाडत जावी तसं त्या पडवीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं की कुंकू उजाडत होतं. दळणाऱ्या बायकांची बोटं, नखं, कानांच्या पाळ्यासुद्धा लाल झालेल्या.

वैजयंताबाई चाळणी हातात घेऊनच बोलत होत्या. उंच, खणखणीत बाई.

"बसा ओ ताई. त्या पोत्यावर नको, साडी रंगंल. हां, इथं. ते निकम बाईंचंच ना? खरं सांगू का, मला त्या बाईचा रागच आला होता."

"नावामुळे?"

"नाव मी नंतर वाचलं. आधी ते मधलं. खाज येत नाही लिहिलं, लई बरं वाटलं, आम्ही रंग घालत नाही त्यात. पण पुढं काय लिहितीय? पुसलं की निघतं." तो शब्द उच्चारताना त्यांनी आवाज खाली आणला आणि दळणाऱ्या बायकांकडं पाठ केली. "ताई, आमच्या ह्या कामात हा शब्द कुणी काढत नाही. डबी हातातनं पडली तर सांडलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. नवीन पोरगी कामाला आली की आधी हे शिकवायचं, मग चाळणी. आणि हिनं सरळ लिहून टाकलंय. बाकीच्या बघा की, सगळ्या लिहितात, दिवसभर टिकतं, घामानं उतरत नाही. आम्ही टिकावं म्हणून जीव टाकतो, आणि ही म्हणते लगेच निघतं, छान आहे."

"म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलं असतं तर?"

"मी?" त्यांनी चाळणी खाली ठेवली. "जीभ झडली असती माझी."

दळणाऱ्यांपैकी एक म्हातारी न बघता म्हणाली, "आणि झडली असती तर बरंच झालं असतं, आमाला गप बसून काम करता आलं असतं."

हसण्यात सगळ्याजणी सामील झाल्या. वैजयंताबाईही. मग त्या माझ्या जवळ सरकल्या.

"काढून टाकता येईल का ते, ताई? आम्हाला नकोच."

"आता काढलं तर तक्रार खरी ठरेल. खूण जाईल."

त्यांनी पडवीकडं पाहिलं, त्या सुपांच्या रांगेकडं. "रथसप्तमी झाली की पुढं आमचं कुंकू कोण विचारतंय? ह्या पाच जणींना काय सांगू मी?"

मी निघताना त्यांनी मला एक डबी दिली. नमुना म्हणून घेते, असं सांगून मी ती पिशवीत ठेवली.

विट्याच्या एसटीत खिडकीशी बसून मी तो अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचला. हेरंबला जी चूक वाटली होती, ती विकणाऱ्या कुणाच्याही हातून झाली नसती. पैसे घेऊन लिहिणाऱ्याच्याही नाही; तोही कुठल्यातरी आईच्या पोटचाच असणार. टिकणारं कुंकू तर सगळ्याजणींनाच हवं असतं. लगेच निघणारं, डाग न ठेवणारं, साबणाचा वास मागे न सोडणारं कुंकू कुणाला हवं असेल?

आणि ते लावायला तिला घर कधी मोकळं मिळत असेल? मी घड्याळ बघितलं नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, तेवढं पुरे होतं.

*

घर गावाच्या कडेला. पुढे ओसरी, बाजूला शेळीचं दावं, दाराला आतून कडी. मी हाक मारली. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला, मग पाणी. दार उघडायला वेळ लागला.

पन्नाशीच्या पुढची बाई. गव्हाळ, रुंद चेहरा, डोक्यावर घट्ट पदर. पदराचं एक टोक ओलं होतं आणि कपाळाचा मधला भाग नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखा दमट. डाग मात्र कुठंच नव्हता. तिनं खरंच लिहिलं होतं.

"मावशी, मी मुक्ता. पुण्याची. फोन केला होता."

तिनं माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहिलं. "एकटीच आलीस?"

"एकटीच."

"मग आत ये. हितं हुबी ऱ्हाऊ नको."

तिनं मला पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं आणि शेंगांचं सूप पुढं ओढून फोडायला बसली. हाताला काम असलं की तोंड उघडतं, हे मला ओव्यांच्या दिवसांपासून ठाऊक होतं. मीही मूठभर शेंगा घेतल्या.

"फोनवर खोटं बोलले मी," तीच म्हणाली. "दीर हुबे होते शेजारी. वाईट न्हाईत बरं का. देवमाणूस. मालक गेले, तवापासनं मला भाकरीला कमी केलं न्हाई. पण गाव हाय. त्येंच्या नजरंतनं मला पडायचं न्हाई."

"फोन केला ही माझीच चूक झाली."

"तुझी कशी? मीच नंबर लिवला व्हता." ती जराशी हसली. "पोरानं फोन दिलाय. कोईमतूरला असतोय, बापाच्याच धंद्यात, सोनं गाळायच्या. तिकडनं बोलायला म्हणून दिला, आन् मी त्यात दुकान बघत बसले. खोकं आलं तर जाऊबाई म्हणाल्या काय हाय, म्हटलं पापड. म्हणाल्या, मग पापड कुठं? म्हटलं, फुटकं निघालं, माघारी धाडलं. सबंध पापडाचं नाव खराब झालं बघ माझ्यापायी."

मी हसले. तीही हसली, पण तिचा कान दाराकडं होता.

"रोज लावता?"

"दीर-जाऊ शेतावर गेली की. दुपारपुरतं. मग असंच, शेंगा फोडते, वाकळ शिवते. गाडी वाजली की पदर भिजवायचा."

"मालकांची आठवण म्हणून?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला शेंगदाणा गिळावा लागला.

"तुमी शिकलेल्या पोरी सगळं मालकावरच नेता. अगं, कुंकू त्येंच्या आधीपासनं व्हतं माझं. आईनं न्हाऊमाखू घालून लावलं, मी रांगत असंन तवा. लग्नात त्येंच्या घरनं मणी आले, जोडवी आली. ती त्येंची व्हती, गेली. हे तर मी माझ्या घरनं लावून आले व्हते." शेंग फुटली, दाणे सुपात पडले. "त्यादिवशी बायांनी सगळं एकदमच काढलं. कुणी ईचारलं न्हाई कुठलं कुणाचं."

आधण उकळलं. ती उठली, चहा गाळला आणि माझ्याकडं पाठ करूनच, चाल न लावता, नुसतं बोलल्यासारखं म्हणाली,

"दुपारच्या पारी, ओसरी रिकामी
आरशात आली, कोण गं पाव्हणी."

"ही ओवी कुणाची?"

"कुणाची म्हंजी? आत्ता तर म्हटली."

मी चहाचा कप हातात घेतला. आता सांगायलाच हवं होतं.

"मावशी, तुम्ही ते जे लिहिलंत, ते कुठं जातं असं वाटलं तुम्हाला?"

"करणाऱ्या बायांकडं. खाली चौकोन आला, आपले मत लिहा म्हणून. मी लिवलं. सातवी झालेय मी, कागदावर पुस्तकातलं लिवायचं एवढं कळतंय. पूर्ण नाव ईचारलं, पूर्ण लिवलं. रेशनला, ब्यांकंला, पोराच्या पत्रिकंत, हेच पूर्ण नाव हाय आता माझं."

"ते पत्र नाही, मावशी. ते सगळ्यांना दिसतं. जो कुणी ते कुंकू बघेल, त्याला."

तिचे हात सुपात थांबले.

"सगळ्यांना म्हंजी?"

"कुणालाही. इथल्यांनाही, त्यांनी बघितलं तर."

बाहेर शेळी ओरडली. छबुताईंनी उगाच सुपातली टरफलं एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. मी सगळं सांगितलं. तक्रार, हिरवी खूण, पडवीतल्या पाच जणी, सोमवार. हेही सांगितलं की ती पुन्हा नाही म्हणाली, तर तिचं लिहिलेलं आजच निघून जाईल, गावात कुणाला काही कळणार नाही आणि मी परत येणार नाही.

"आन् त्या बाया?"

"त्यांचं कुंकू या वर्षी बाजूला राहील."

"खोट्या ठरतील."

"हो."

"मी खरं लिवलं म्हणून त्या खोट्या ठरतील." हे तिनं स्वतःलाच सांगितलं. मग विचारलं, "नमस्कार पोचला का पर त्यांना?"

"पोचला. पण त्या चिडल्यात तुमच्यावर. पुसलं असं लिहिलंत म्हणून."

ती पहिल्यांदाच मोकळी हसली, पदर तोंडाला लावून. "मग काय लिवू? त्यांना न म्हणायला काय जातंय? मला रोज करायला लागतंय ते."

ती उठून आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात डबी होती, तांदळाच्या कण्या चिकटलेली, कणगीत लपवत असणार. फळीवरचा आरसा घेऊन ती उजेडाकडं तोंड करून बसली. करंगळीच्या शेजारच्या बोटानं, न चुकता, न हलता, तिनं कपाळाच्या मधोमध एक गोल रेखला. चांगला ठसठशीत. आरशात स्वतःकडं बघितलं, जशी एखादी बाई बाजाराला निघताना बघते, तितकंच. मग आरसा पालथा ठेवला.

"काढ तुझं यंत्र. मी बोलते त्यात. मी लिवलं म्हणून."

"आणि नाव? तुमच्या नावाची नुसती आद्याक्षरं ठेवता येतील, किंवा नुसतं 'एक ग्राहक'..."

"गिऱ्हाईक कुणीबी असतंय." तिनं सुपातले मूठभर दाणे हातात घेतले, फुंकर मारली. "नाव काढ. छबुताई काढ, हिंदुराव काढ, निकम काढ. त्ये पुढचं तेवढं ऱ्हाऊ दे."

"गं. भा.?"

"ते काय माझ्या एकलीचं न्हाई."

मी फोन पुढं धरला. ती त्यात हळू, शाळेत धडा म्हणावा तशी बोलली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, हे मत माझ्या हाताने लिहिले आहे, कुणी सांगितले नाही. शेवटी म्हणाली, "कुंकू खरंच चांगलं हाय," आणि फोन माझ्याकडं ढकलला.

लांबून गाडीची घरघर आली. दोघींनी ऐकली. तिनं घाई केली नाही. पदर तांब्यात बुडवला, कपाळावरून एकदा फिरवला आणि पिळून टाकला. कपाळ पुन्हा सारवलेल्या जमिनीसारखं झालं.

मी निघाले तेव्हा तिचा हात सवयीनं डबीकडं गेला. निघणाऱ्या बाईला कुंकू लावल्याशिवाय आपण दारातून सोडत नाही. हात अर्ध्यात थांबला. मग तिनं डबी उघडून माझ्यापुढं धरली. "घे. तुझ्या हातानं."

माझ्या कपाळावर चिकटवायची टिकली होती. ती काढून मी पिशवीला लावली आणि डबीत बोट बुडवलं. वाकडंतिकडं लागलं असणार, कारण ती म्हणाली, "पुण्यात शिकवत न्हाईत वाटतं," आणि दार पुढं केलं.

*

हेरंबनं ते ध्वनिमुद्रण कानाला लावून ऐकलं. दोनदा. मग संगणकावर त्या बाईचं नाव मी सांगितलं तसं खोडलं, पुढची अक्षरं ठेवली, आणि तक्रारीखाली लिहिलं, 'अभिप्राय खरा. ग्राहकाशी प्रत्यक्ष भेट.' खूण राहिली.

"नमस्काराचं काय केलंत?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"पोचवला."

"बरं केलंत," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं कुणाचाच अभिप्राय मोठ्यानं वाचला नाही.

संक्रांतीनंतर आमच्या इमारतीत घरोघरी हळदीकुंकू सुरू झालं. आई दरवर्षीसारखे तिळाचे लाडू वळून द्यायची, सगळ्यांना पुरून उरतील इतके, आणि आमंत्रणाला मला एकटीला पाठवायची. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. बाबा गेल्यापासून तिनंच जायचं सोडलं होतं, आणि कपाळही तसंच, कुणी न सांगता, एका सकाळी मोकळं ठेवलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. ती व्याकरणावर बोलायची, मी ऑफिसवर.

त्या दिवशी खालच्या मजल्यावरून मी वाण घेऊन वर आले, तर आई खिडकीशी चष्मा लावून बसली होती. घरी विसरलेला माझा फोन तिच्या हातात होता. लाडवाचं पीठ बोटांवर वाळलेलं.

"मुक्ता."

"काय गं?"

"ही बाई खरी आहे का?"

"कुठली?"

"ही. नाव लिहिलेलं नाही. नुसतंच गं. भा."

मी वाण टेबलावर ठेवलं. "खरी आहे. मी तिच्या घरी बसून चहा प्यालेय."

आई पुन्हा वाचायला लागली. लाल पेन धरावं तसं बोट ओळीखालून सरकत होतं. एका जागी थांबलं, थोडं मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"पुरळ येत असे म्हणते. मलाही यायचं, गौरी-गणपतीत. तुझे बाबा म्हणायचे, सोड ते, टिकली लाव. मला टिकली कधी आवडली नाही." तिनं बोटांवरचं पीठ चोळून काढलं. "निघतं ना हे लगेच? डाग राहत नाही?"

"नाही राहत. मी बघितलंय."

खालून पुढच्या घराचं बोलावणं ऐकू आलं, बायकांचा जिन्यातला गलका. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"छोट्यात छोटी डबी केवढी येते, बघ बरं."

वैजयंताबाईंनी दिलेला नमुना अजून माझ्या पिशवीत होता. मी उठून तो आणायला गेले.